जांभळी फीत

बुधवार, ११ ऑगस्ट १९९९

ती. एर्मिंदा मावशीस,
ग्रिसेल्दाचा शि. सा. न. वि. वि.

आजचा दिवस नेहमीसारखा गेला. सकाळी दुकान उघडलं, दुपारपर्यंत खिळे आणि नळाचे वायसर विकले, जेवले, पुन्हा दुकानात बसले. संध्याकाळी वर्गाला गेले. डोंगरावरून तो गरम, कोरडा सोंदा वारा सुटलाय. खिडक्या लावल्या तरी वह्यांवर धूळ बसते. तिकडे गावी, पिर्का आल्तात तर छपरं उडायची वेळ आली असेल. तुझ्या कोंबड्या बऱ्या असाव्यात.

एक गोष्ट कळवायची आहे. बसवाला चिचो ती तुला सांगेलच, आणि तिखटमीठ लावल्याशिवाय सांगणार नाही, म्हणून मीच लिहिते.

वर्ग सुटल्यावर दारियोने गाठलं. दारियो म्हणजे विद्यार्थ्यांच्या बाजूने नोएलियाबरोबर विद्याशाखेच्या परिषदेत बसायचा तो उंच मुलगा. एप्रिलमध्ये तिला शेवटचं पोचवायला आला होता आणि तुझ्या दाराच्या चौकटीला त्याचं डोकं आपटलं होतं, तोच. तो म्हणाला, नोएलियाची परिषदेतली खुर्ची आता तुझी आहे. मला आधी ती थट्टाच वाटली. मग आठवलं. गेल्या वर्षी निवडणुकीच्या वेळी मी शेवया उकळत होते आणि नोएलियाने माझ्यापुढे कागद सरकवला होता. म्हणाली, उमेदवाराच्या नावाखाली एक राखीव नाव लागतं, कर सही, राखीव माणसाला कधी कोणी बोलावत नाही. इथे सगळे असंच करतात, बहिणीचं नाहीतर खोलीतल्या सोबतिणीचं नाव टाकून यादी भरतात. मी सही केली आणि शेवया गाळल्या.

आता प्रश्न असा आहे. राजधानीतून विद्यापीठाचे पैसे कापले गेलेत. म्हणून आमचे डीन, इंजिनिअर बास्तेरा, संध्याकाळचे वर्ग बंद करायचा ठराव आणतायत. त्यांचं म्हणणं, सगळंच अर्धवट चालवण्यापेक्षा सकाळचं तरी नीट चालवू. पण संध्याकाळी येणारे आम्ही सगळे दिवसा कामाला जाणारे. आमचे वर्ग गेले की आम्हीही गेलो. माझी भूमापनाची दोन वर्षं राहिली आहेत, ती तशीच राहतील. परिषदेत प्राध्यापक, पदवीधर, कर्मचारी आणि विद्यार्थी, सगळ्यांना मत आहे. नोएलियाची खुर्ची रिकामी राहिली तर मतं समसमान पडतात, आणि समसमान पडली की डीन म्हणतील ते होतं.

मी विचार करते म्हणून सांगितलं. पण भरल्या खोलीत माझा आवाज फुटत नाही हे तुला माहीत आहे. शिवाय ती खुर्ची तिची आहे. तू नको म्हणालीस तर मी दारियोला तसं सांगेन.

घरमालकीण दोन्या पॉलिना दुसऱ्या खाटेवर कोणा मुलीला ठेवू का विचारत होत्या. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

जपून राहा. माझ्यावरची माया आहे तशी असू दे.

तुझी,
ग्रिसेल्दा


रविवार, १५ ऑगस्ट १९९९

चि. ग्रिसेल्दास,
एर्मिंदा मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चिचोची बातमी त्याच्या एक दिवस आधी मिळाली होती आणि त्याच्या सांगण्यात तू एव्हाना डीनच झाली होतीस. मी त्याला म्हटलं, आमची ग्रिस बेकरीत पाव मागताना लाल होते, ती कसली डीन होतेय.

वाऱ्याने खुराड्याचं एक अंग पाडलं. डीनने पाठवलेलं ते भलंमोठं पुष्पचक्र होतं ना, त्याची तार काढून मी खुराडं बांधलं. चांगली जाड तार आहे, विद्यापीठाचे पैसे अगदीच वाया गेले नाहीत. त्याची जांभळी फीतही ठेवलीय. खरं साटीन आहे, टाकवेना. त्या फितीने स्वयंपाकघराचा पडदा बांधलाय.

कोंबड्या बऱ्या आहेत, जरुरीपेक्षा जास्तच घालतायत. या डिसेंबरात नोएलियाची शेवटची परीक्षा होणार होती. पास झालेल्या पोरांना तिथे विद्यापीठाच्या दारातच अंडी नि पीठ फासतात, असं तिने सांगितलं तेव्हा मी तिच्यावर किती ओरडले होते. खायच्या वस्तूचा हा कसला सत्यानाश! मग ठरलं होतं, की मी टोपली घेऊन येईन आणि पहिलं अंडं मीच फोडेन. आता ती अंडी मी शेजारी वाटते.

तुझ्या प्रश्नाचं बोलू. मला विचारून नको म्हणू नकोस. नको असेल तर स्वतःच्या तोंडाने म्हण, माझ्या पाठीमागे लपू नकोस. त्या बैठका मला कधीच आवडल्या नाहीत. पोर सुट्टीत यायची ती अर्धी झोपेत, अर्धी भांडणात. मी म्हणायची, बाई गं, शिकायला गेलीस की राज्य चालवायला? ती म्हणायची, आई, आपण ते चालवलं नाही तर ते आपल्याला शिकू देणार नाहीत. तेव्हा मला तो तोंडाळपणा वाटायचा.

एक मात्र मला कळत नाही. पैसे नाहीत म्हणतात. मी साखर घेते, तेल घेते, बसचं तिकीट काढते, प्रत्येक वेळी सरकार माझ्याकडून कर घेतंच ना? माझी पोर गेली म्हणून दुकानदाराने कर सोडला नाही. मग ती शाळा माझी नाही तर कोणाची?

घरी परत यायचं असेल तर ये, नगरपालिकेत टंकलेखक हवी आहे. पण येशील तर तुझ्या मर्जीने ये, कोणी दार लावलं म्हणून येऊ नकोस.

नीट जेवत जा. माझा जीव तुझ्यापाशी आहे हे विसरू नकोस.

मावशी


शुक्रवार, २० ऑगस्ट १९९९

ती. मावशीस,
ग्रिसेल्दाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने हसू आलं. पुष्पचक्राच्या तारेचं मी दारियोला सांगितलं, तो तर खुर्चीवरून पडायचा राहिला.

मी हो म्हटलं. काल परिषदेची बैठक होती. नोएलियाचा करडा स्वेटर घालून गेले, कारण माझ्या स्वेटरचं कोपर फाटलंय. दारातच चिटणीसांनी अडवलं. आवाज न चढवता, अगदी सभ्यपणे सांगितलं, की खुर्ची रिकामी झाल्याची परिषदेकडे अधिकृत नोंद नाही. प्रतिनिधीचा राजीनामा तरी हवा नाहीतर मृत्यूचा दाखला. मी म्हटलं, तुम्हाला सगळं माहीत आहे. ते म्हणाले, मला माहीत आहे बाळ, पण परिषदेला माहीत नाही.

मग दारियोने जुनी इतिवृत्तं काढून दाखवली. ती मी वाचली. हे तुला लिहावं की नाही, याचा रात्रभर विचार केला. पण दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. एप्रिलपासून प्रत्येक बैठकीत नोएलियाच्या नावापुढे लिहिलंय: गैरहजर, कारण कळवलेले नाही.

काल ठराव मांडला गेला. मतदान गुरुवारी, २ सप्टेंबरला दुपारी आहे. दाखला दिला की मला बसू देतील. गावच्या नोंदणी कचेरीतून तो फक्त तुलाच मिळतो, म्हणून मागते आहे. मागताना बरं वाटत नाही. चिचोबरोबर पाठवलास तर वेळेत पोचेल.

राग आला तर माझ्यावर काढ, पण पत्र लिही.

तुझी,
ग्रिसेल्दा


मंगळवार, २४ ऑगस्ट १९९९

चि. ग्रिसेल्दास आशीर्वाद.

तो कागद मी आणलेला नाही. कचेरीतला साराविया दोनदा दारात येऊन गेला, दोन्या एर्मिंदा, तयार आहे, फक्त सही करून घेऊन जा. तो चांगला माणूस आहे. दोन्ही वेळा त्याला क्विन्स फळांचा मुरंबा देऊन परत पाठवलं. मला तो कागद हातात घ्यायचा नाही. का, ते मला विचारू नकोस, साराविया पण विचारत नाही.

मी तिला आंघोळ घातली. मी तिचे केस विंचरले. एवढं मी केलं, पुढचं माझ्याने होणार नाही. आणि ज्यांनी माझ्या दारात येऊन माझा हात हातात घेतला, त्यांना हे सिद्ध करून द्यायला मी जाऊ?

तू मागायला नको होतंस.

मावशी


शनिवार, २८ ऑगस्ट १९९९

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. मी पुन्हा मागणार नाही. चुकले.

दारियोला सांगितलं, की दाखला येणार नाही आणि त्यावरून तुझ्याशी कोणी बोलायचं नाही. तो म्हणाला, मग संपलं. मी म्हटलं, संपलं नाही. गुरुवारी मी आत जाऊन तिच्या खुर्चीवर बसणार आहे. उठवायचं असेल तर उठवू देत. उठवताना काय कारण सांगतात, ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावं लागेल. मला बोलता येत नसेल, पण बसता येतं.

वर्गातली मुलं दोन दिवस चौकात फळा घेऊन शिकतायत. काल आम्ही रस्त्याची रुंदी मोजून दाखवली. लोक थांबून बघत होते. एका आजोबांनी विचारलं, की रस्ता रुंद करणार आहात का. दारियो म्हणाला, नाही आजोबा, डीनच्या दारातून आम्ही सगळे आत मावतो का बघतोय.

एकटी बाहेर फिरू नकोस, अजून वारा आहे. रागातसुद्धा मला दूर करू नकोस.

तुझी,
ग्रिसेल्दा


सोमवार, ३० ऑगस्ट १९९९

चि. ग्रिसेल्दास आशीर्वाद.

घाईत लिहिते, चिचो भोंगा वाजवतोय. तुझ्यावरचा राग गेला. तो तुझ्यावर नव्हताच.

ते शब्द डोक्यातून जात नाहीत. कारण कळवलेले नाही. माझी पोर नदीला पाणी आलं तरी खेचरावर बसून शाळेत जायची. तिच्या गुरुजींनी सहा वर्षांत तिच्या नावापुढे फुली मारली नाही, आणि हे मारतात.

गुरुवारी सकाळच्या बसने येते. दुपारची बस पकडून परत जाईन, कोंबड्या कोण कोंडणार? थोडी अंडी आणते. कशासाठी ते विचारू नकोस. कागद आणणार नाही. बसस्टँडवर ये, मला त्या इमारतीचं दार सापडत नाही.

केस नीट बांधून ये.

मावशी


शुक्रवार, ३ सप्टेंबर १९९९

ती. एर्मिंदा मावशीस,
ग्रिसेल्दाचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलीस हे चिचोने सकाळी सांगितलं. त्याला काल तुझ्यासाठी बस थांबवून ठेवावी लागली, आणि प्रवाशांची बोलणी तो अजून मला ऐकवतोय.

तू मतदानाआधीच निघालीस. आणि त्याआधी तू फक्त डीनकडेच बघत होतीस, त्यामुळे बाकीचं तुला दिसलं नाही. ते सगळं क्रमाने लिहिते.

चिटणीसांनी मला पुन्हा दाखला मागितला, तेव्हा दारियोने उठून विनंती केली, की प्रतिनिधीची आई इथे आली आहे, तिला बोलू द्यावं. डीनना नाही म्हणायचं होतं. भिंतीला टेकून उभी असलेली सगळी मुलं त्यांच्याकडे बघत होती. ते म्हणाले, बोला, बाई.

तू पुढे येऊन टोपली टेबलावर ठेवलीस तेव्हा चिटणीसांनी आपली खुर्ची मागे सरकवली. दोन प्राध्यापकांनी कागद छातीशी धरले. प्रत्येकाला वाटलं, की आता अंडी येणार. मलाही तसंच वाटलं, हे तुला सांगायला हरकत नाही. तू अंड्यांखालून ती फीत काढलीस. उन्हाने एका बाजूने ती विटली आहे, मधोमध पडद्याच्या गाठीची वळी पडली आहे. तू म्हणालीस, की कागद मी आणलेला नाही, मला तो आणवत नाही, पण हे तुम्हीच पाठवलं होतं, वाचा. कोणी हात पुढे करेना. तेव्हा तू म्हणालीस, इंजिनिअरसाहेब, तुम्ही तर शिकलेले, वाचा की.

त्यांनी वाचलं. नोएलिया कोरिमायो हिला, शोकाकुल विद्याशाखा परिषदेकडून. सोनेरी अक्षरं आहेत, सगळी शाबूत आहेत.

मग तू विचारलंस, की माझी मुलगी गेल्याचं परिषदेला माहीत नाही, तर ही फुलं परिषदेने कोणाला पाठवली होती?

तू त्यांच्या उत्तरासाठी थांबलीस. त्यामुळे तुला दिसलं नाही, की तुझ्या मागे पदवीधरांच्या प्रतिनिधी, पांढऱ्या केसांच्या त्या बाई, उभ्या राहिल्या. त्यांच्यानंतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी उठला. मग भूमितीचे आमचे म्हातारे प्राध्यापक. त्यांना काठीशिवाय उठता येत नाही आणि त्यांनी काठी शोधली नाही, टेबलाला धरून उठले. कोणी सांगितलं नव्हतं. सगळे उभे राहिल्यावर डीननाही उठावं लागलं. नोएलियासाठी परिषद पहिल्यांदा उभी राहिली ती काल. तेव्हा तू टोपली माझ्या हातात दिलीस, हिचं वजन उतरलंय, हिला खायला घाला, असं भर सभेत म्हणालीस आणि बससाठी निघालीस. माझे कान अजून गरम आहेत.

त्यानंतर दारियोने मागणी केली, की इतिवृत्तातली ती गैरहजेरी खोडावी. चिटणीसांनी पट्टी लावून प्रत्येक ओळ खोडली आणि बाजूला सही केली. मग मला बसायला सांगितलं. मी टोपली मांडीवर घेऊन बसले, दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती.

डीन बराच वेळ बोलले. वाईट बोलले नाहीत. त्यांनाही हे आवडत नाही, पण पैसेच आले नाहीत तर करणार काय, असं म्हणाले. जबाबदारीने वागा, असं आम्हा विद्यार्थ्यांकडे बघून म्हणाले. मग मला विचारलं, की नव्या प्रतिनिधीला काही म्हणायचं आहे का. मला वाटतं, मी नाही म्हणेन अशी त्यांची खात्री होती.

मी उभी राहिले नाही, मांडीवर अंडी होती. बसूनच म्हटलं, की जबाबदारी कोणाची ते आधी ठरवू. माझी मावशी साखर घेते तेव्हा या इमारतीसाठी पैसे देते. ते पैसे राजधानीत पोचतात, आणि तिथून परत येत नाहीत. हे काम सरकारचं आहे आणि सरकार ते करत नाही. त्याला संध्याकाळचे वर्ग बंद करायचे असतील तर त्याने इथे यावं, कामावरून आलेल्या मुलांच्या समोर उभं राहावं आणि स्वतःच्या हाताने कुलूप लावावं. आपण त्याच्यासाठी कुलूप का लावायचं? परिषदेत आम्हालाही मत आहे ते दार उघडं ठेवण्यासाठी. मी दार लावायला मत देणार नाही.

आवाज कापत होता. पण सगळ्यांना ऐकू गेला असं दारियो म्हणतो.

एका मताने ठराव पडला. संध्याकाळचे वर्ग चालू राहतील. परिषदेच्या नावाने राजधानीला पत्र जाणार आहे, की कापलेले पैसे परत द्या. डीन बाहेर पडताना मला म्हणाले, की पैसे तरीही येणार नाहीत, डिसेंबरात पुन्हा इथेच बसू. मी म्हटलं, बसू. आजपासून वऱ्हांड्यातले निम्मे दिवे बंद ठेवणार आहेत. मुलांनी घरून बॅटऱ्या आणायचं ठरवलंय.

बाहेर मुलांना तुझी अंडी माझ्या डोक्यावर फोडायची होती, पहिल्या भाषणाबद्दल. मी फोडू दिली नाहीत. म्हटलं, पास होईन तेव्हा. मावशी स्वतः येणार आहे, पहिलं तिचं.

फीत टेबलावरच राहिली होती, मी घडी करून आणली. चिचोबरोबर पाठवते. तुझा पडदा मोकळा राहिला असेल. दोन्या पॉलिनाला हो सांगितलं. सोमवारपासून नर्सिंग शिकणारी एक मुलगी येईल. नोएलियाची उशी तेवढी मी माझ्याकडे घेतली आहे.

दाखल्याचं मनावर घेऊ नकोस. साराविया थांबेल.

वारा पडला की मी सुट्टीला येते. तोवर आशीर्वाद पाठवत राहा आणि रागावतही राहा, दोन्ही लागतं.

तुझी,
ग्रिसेल्दा

ता. क. आताच दोन अंडी तळली, पावाबरोबर खाल्ली. तवा धुऊन पालथा घातला. वर्गाची वेळ झाली, दार ओढून निघते.